जुन्या जोत्यावरचे नवे घर

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी कोल्हापुरात एक जुने घर विकत घेतले. जुने म्हणजे १९५६ सालचे. तो वाडा नव्हता, संस्थानी थाटाचा बंगलाही नव्हता. सपाट गच्ची, गोलाई दिलेला दर्शनी कोपरा, खिडक्यांवरून सलग गेलेला काँक्रीटचा पातळ छज्जा, जिन्याच्या भिंतीत सिमेंटची जाळी आणि आत मोझाइकची फरशी असे त्याचे रूप. कमान नाही, नक्षी नाही, देवळीसुद्धा नाही. मराठीत नवकाव्य आणि नवकथा ज्या काळात स्थिरावली, त्याच काळातले हे घर. भूतकाळाचे ओझे उतरवून ठेवलेली वास्तू म्हणूनच ते आम्हांला आवडले, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

अशा घरांचा विचार मराठी मध्यमवर्गात एकाएकी आलेला नाही. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांची घरबांधणीवरील इंग्रजी पुस्तके १९३० च्या दशकापासून प्रसिद्ध होत होती. त्यांचे ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हे पुस्तक १९३९ चे. हवा, उजेड, मोरी, स्वयंपाकघर यांचा बेतशीर विचार आणि मध्यमवर्गीयांना परवडतील असे नकाशे या पुस्तकांनी पुरवले. १९५१ नंतर ल कॉर्बुझिए चंडीगढ घडवू लागले खरे. पण आमच्यासारख्या घराचे मूळ चंडीगढपेक्षा अशा पुस्तकांत आणि ती उशाशी ठेवून काम करणाऱ्या ओव्हरसियरच्या वहीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

या गुळगुळीत, पांढऱ्या घरात एकच गोष्ट विसंगत होती. ते उभे होते काळ्या घडीव दगडाच्या उंच जोत्यावर. दगड जुन्या हाताचे, वर रेखलेल्या भिंतींशी काटेकोर न जुळणारे. एका बाजूला जोते भिंतीच्या बाहेर हातभर उरलेले. त्याचे स्पष्टीकरण आम्ही स्वतःशीच दिले होते: युद्धकाळापासून सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, ते अंशतः उठले १९८२ मध्ये, तेव्हा टंचाईच्या दिवसांत मालकाने हाती असलेले जोते वापरले असावे. स्पष्टीकरण चुकीचे नव्हते. अपुरे मात्र होते.

खरेदीखत नोंदवल्यावर विकणाऱ्यांनी जुन्या कागदांचे एक गाठोडे आमच्या स्वाधीन केले. त्यात १९४९ चे खरेदीखत होते. त्यानुसार त्यांच्या आजोबांनी विकत घेतली होती ती मोकळी जागा, ‘जोत्यासह आणि विहिरीसह’. लिहून देणाऱ्याचे आडनाव ब्राह्मणी होते आणि राहण्याचे ठिकाण पुणे. जोते होते, विहीर होती. मग घर कोठे गेले? त्याविषयी दस्तात एक शब्द नाही. साहित्याच्या वर्गात आपण संहितेतील मौनाविषयी बोलतो. येथे ते मौन मुद्रांकाच्या कागदावर सही-साक्षीनिशी नोंदवलेले होते.

शेजारच्या वयोवृद्ध आजींना विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “ते होय? ते जळितात गेलं.”

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण होता हे कळताच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांना आगी लावल्या गेल्या. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्या आगीत सापडला. स्टुडिओचे जळणे चित्रपटाच्या इतिहासात नोंदले गेले. घरांचे जळणे बहुधा घरांतच राहिले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांच्या प्रवासातून हा काळ उभा करते. आम्ही ती वर्षानुवर्षे वाचली, शिकवलीही. पण ती आमच्या पायाखालच्या जमिनीची गोष्ट असेल असे कधी मनात आले नाही.

हा इतिहास एका बाजूने सांगून भागत नाही. याच कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण घडले होते. खुद्द छत्रपतींना वेदोक्त विधी नाकारणारा अहंकार या शहराने पाहिला होता. त्याला शाहू महाराजांनी दिलेले उत्तर मात्र १९०२ च्या आरक्षणाच्या जाहीरनाम्याचे, वसतिगृहांचे आणि शाळांचे होते. शतकांचा अन्याय खरा, आणि हत्येशी काडीचाही संबंध नसलेल्या कुटुंबाच्या घराला लावलेली आगही खरी. एकाने दुसरे पुसले जात नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. नव्या राज्यव्यवस्थेत, नव्या मालकाने, नव्या धर्तीचे घर बांधले. त्याने कोणाचे घर जाळले असे म्हणण्यास आमच्याजवळ कसलाही आधार नाही. कदाचित निघून जाणाऱ्याला त्या पैशाची गरजच असेल. परंतु जिच्यावर पूर्वीच्या जगाची एकही खूण नाही अशी शैली त्या जागेवर उभ्या राहणाऱ्या माणसाला सोयीची वाटली असेल, असे आज वाटते. आणि ती आम्हांलाही तितकीच सोयीची वाटली, हे त्याहून बोचते. आधुनिकतेची कोरी पाटी नेहमीच कोरी असते असे नाही. कधी ती पुसलेली असते.

घराच्या दुरुस्तीत गवंड्याने सुचवले की बाहेर आलेले जोते फोडून टाकावे, निदान त्यावर गिलावा करून रंग द्यावा. घर एकसारखे दिसेल. आम्ही नको म्हटले. जोते उघडेच ठेवले आहे. येणारे-जाणारे विचारतात, हा दगड असा मध्येच का? त्यांना १९४९ च्या खतात नसलेले वाक्य आम्ही सांगतो.