बलाचे मूळ आणि बलाची रूपे

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे ब्रिटिश अमदानीत खानदेशच्या कलेक्टराच्या देखरेखीखालील मेवासी संस्थानांपैकी एक होते. संस्थानी अंमल दप्तरात जमा झाला, पण तेथील राजवाडी होळी चालू राहिली. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे बांधलेले नर्तक ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात, आणि होळीचा उंच बांबू अनेकांच्या बाहुबलाने उभा राहतो, तेव्हा एकाच सोहळ्यात मानवी बलाचे दोन प्रकार दिसतात: प्रहर न् प्रहर टिकणारे आणि क्षणार्धात एकवटणारे. स्नायूंत आढळणाऱ्या क्रिएटिन या द्रव्याचा इतिहास हा या दुसऱ्या बलाच्या शोधाचा इतिहास आहे.

1832 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी मांसातून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. 1847 मध्ये जर्मनीच्या लीबिग यांनी, रानात धावपळ करणाऱ्या कोल्ह्याच्या मांसात ते पाळीव कोल्ह्याच्या मांसाहून कितीतरी अधिक असल्याचे नोंदवून त्याचा संबंध श्रमाशी जोडला. पुढे 1927 मध्ये हार्वर्ड येथे सायरस फिस्क आणि आंध्रातील भीमवरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा शोध प्रसिद्ध केला, आणि अतितीव्र श्रमाच्या पहिल्या काही सेकंदांत स्नायू ज्या राखीव शक्तीवर विसंबतात, तिचे स्वरूप उलगडू लागले. शरीर स्वतः रोज सुमारे एक ग्रॅम क्रिएटिन निर्माण करते. उरलेले मांस-मासळीतून मिळते. म्हणूनच शाकाहारी माणसाच्या स्नायूंतील साठा सामान्यतः उणा असतो.

1992 मध्ये संशोधक हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिएटिनच्या पूरक मात्रेने हा साठा वाढतो असे दाखवले, आणि त्यानंतर क्रिएटिनच्या निरनिराळ्या रूपांचा व्यापार सुरू झाला. मूळ रूप असलेल्या मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा एक रेणू असून वजनाच्या सुमारे 88 टक्के भाग क्रिएटिनचा असतो. हायड्रोक्लोराइड पाण्यात अधिक सहज विरघळते, परंतु त्यामुळे बल अधिक वाढते असे सिद्ध झालेले नाही. इथिल एस्टर हे रूप तर पोटात व रक्तात बहुतांशी क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यात परिणत होते. आणि अल्कलीयुक्त 'बफर्ड' रूप 2012 च्या तुलनात्मक अभ्यासात मोनोहायड्रेटपेक्षा सरस ठरले नाही. नव्या रूपांना किंमत अधिक, परंतु पुराव्याची सनद जुन्या, साध्या रूपाकडेच राहिली.

हा निष्कर्ष केवळ शहरी व्यायामशाळांच्या कामाचा नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर उतरणाऱ्या गरीब घरच्या मुलांना 100 मीटर धाव आणि गोळाफेक या क्षणिक बलाच्या कसोट्यांत क्रिएटिनचा लाभ संभवतो. 1600 मीटरच्या धावेत तो अल्प, आणि स्नायूंत साठलेल्या पाण्याने वाढलेले वजन उलट बाधकही ठरू शकते. ज्याला घ्यायचे असेल त्याने रोज तीन ते पाच ग्रॅम मोनोहायड्रेट घ्यावे, मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्याच्या संमतीवाचून घेऊ नये. आणि महागड्या रूपासाठी द्यावयाचे पैसे दूध, डाळ व अंडी यांवर खर्चावेत, कारण पोटभर अन्न आणि नियमित मेहनत यांवाचून कोणतेही चूर्ण बल देत नाही.