ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय? आधी गळतीची जागा शोधा, मग पाना लावा

ऊस हंगाम तोंडावर आला की जुन्या ट्रॅक्टरची दुखणी वर येतात. त्यातलं नेहमीचं दुखणं म्हणजे पॉवर स्टिअरिंगची गळती. सकाळी ट्रॅक्टर हलवला की पुढच्या एक्सलखाली तेलाचा डाग दिसतो. मग टाकीत थोडं ऑइल ओतायचं आणि कामाला निघायचं, असं कित्येक ठिकाणी वर्ष-वर्ष चालतं. पण ऑइल ओतणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. गळती कुठून आहे हे कळलं तर पुष्कळदा काम एका वायसरवर किंवा एका पाईपवर भागतं. न शोधता पार्ट बदलत गेलं तर खर्च होतो आणि गळती तशीच राहते.

गळती हलक्यात का घेऊ नये?

साध्या स्टिअरिंगमध्ये चाक आणि पुढचे टायर लोखंडी दांड्यांनी जोडलेले असतात. बऱ्याच पॉवर स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरमध्ये तसं नसतं. स्टिअरिंगखाली ऑर्बिट्रॉल नावाचं युनिट असतं. पंपाकडून आलेलं ऑइल ते मोजून एक्सलजवळच्या सिलिंडरला पाठवतं आणि सिलिंडरचा रॉड टायर वळवतो. म्हणजे हातातलं चाक आणि टायर यांच्यात फक्त ऑइल असतं.

इंजिन बंद पडलं तरी पाईपात ऑइल असेल तर जोर लावून ट्रॅक्टर वळवता येतो. ऑइलच संपलं तर मात्र स्टिअरिंग नुसतं गोल फिरतं, टायर जागचे हलत नाहीत. मागे भरलेली ट्रॉली आणि बाजूला कालवा असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

हिशोबही बघा. २० थेंबांचं एक मिली धरलं आणि सेकंदाला एक थेंब पडला, तर तासाला १८० मिली ऑइल जातं. ८ तासांत जवळपास दीड लिटर. ज्या ट्रॅक्टरला स्टिअरिंगची वेगळी छोटी टाकी आहे, तिथं टाकी तळाला जायला एवढं पुरतं.

गळणारं ऑइल कोणतं आहे?

पुढच्या बाजूला पडलेला प्रत्येक डाग स्टिअरिंगचा नसतो. डागाखाली पांढरा कागद किंवा पुठ्ठा ठेवून बघा.

- काळं असेल तर बहुधा इंजिन ऑइल.
- घट्ट आणि उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलमधून ते येऊ शकतं.
- पातळ, लालसर किंवा पिवळसर असेल तर स्टिअरिंगचं असण्याची शक्यता जास्त. टाकीतलं ऑइल बोटाला लावून रंग जुळवून बघा.

जागा कशी शोधायची?

जुना चिखल, तेल आणि धूळ यांचा थर असताना जागा सापडत नाही. कारण ऑइल वरून ओघळतं आणि खालच्या टोकाला ठिबकतं. जिथं थेंब दिसतो तिथंच गळती असते असं नाही.

१. इंजिन बंद आणि गार असताना सिलिंडर, पाईप, पंप आणि ऑर्बिट्रॉल डिझेलने धुऊन कोरडं पुसून घ्या.

२. जोडांवर टाल्कम पावडर मारा. ऑइल पाझरलं की पावडर ओली होऊन जागा लगेच दिसते.

३. ट्रॅक्टर सपाट जागेवर हँडब्रेक लावून न्यूट्रलला ठेवा. एकाने स्टिअरिंग दोन्ही टोकांना सावकाश फिरवावं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बॅटरीच्या उजेडात बघावं. टायर आणि एक्सलच्या मध्ये कुणी जाऊ नये. टोकाला नेऊन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, पंप तापतो.

४. शोध वरून खाली घ्या. सगळ्यात वरची ओली जागा हीच खरी जागा.

हात लावू नका: चालू इंजिनवर पाईपवरून हात फिरवून गळती शोधायची सवय जिवावर बेतू शकते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात साधारण १२ ते १६ पीएसआय हवा असते. स्टिअरिंगच्या पाईपात जोर पडल्यावर दाब १०० बारपर्यंत, म्हणजे सुमारे १४५० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. बारीक छिद्रातून येणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत मांस सडायला लागतं. असं झालं तर घरगुती इलाज न करता ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाचं ऑइल अंगात गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. धार बघायची असेल तर पुठ्ठा धरा.

कुठं ओलं, तर काय बिघाड?

- सिलिंडरच्या रॉडजवळ: रॉडचं सील गेलं. चिखलणी आणि रोटाव्हेटरच्या कामात माती रॉडला चिकटते आणि सील खाते.
- पाईपाच्या जोडावर: तांब्याचं वायसर किंवा रबरी सील दबलेलं असतं. हे सगळ्यात स्वस्त काम.
- पाईपाच्या मध्यावर किंवा प्रेस केलेल्या टोकाजवळ: होज पाईप गेला. कपाशीच्या आणि तुरीच्या खुंटांनी, नाहीतर एक्सलला घासून पाईप कापले जातात.
- स्टिअरिंगच्या दांड्यावरून पायाकडे ओघळ: ऑर्बिट्रॉलचं वरचं सील गेलं.
- बाहेर कुठंच ओलं नाही, पण टाकी कमी होते: इंजिनच्या गिअरवर चालणाऱ्या पंपाचं शाफ्ट सील गेलं तर ऑइल थेट इंजिनात जातं. डिपस्टिक काढून बघा. इंजिन ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि डिझेलचा वास नसेल तर संशय पंपावर घ्या.
- टाकीत फेस, पंपाचा कुंईकुंई आवाज: पंपाकडे ऑइल नेणाऱ्या पाईपातून हवा आत ओढली जातेय. इथं बाहेर थेंब पडेलच असं नाही. क्लिप आणि पाईप तपासा.
- ऑइल कमी होत नाही, पण टोकाला गेल्यावरही स्टिअरिंग फिरतच राहतं: सिलिंडरच्या आतलं पिस्टन सील किंवा ऑर्बिट्रॉल झिजलेलं असतं. ही आतली गळती, मिस्त्रीकडून तपासून घ्यावी.

दुरुस्ती करताना

इंजिन बंद करून स्टिअरिंग दोन-तीनदा दोन्हीकडे फिरवा, म्हणजे दाब उतरतो. पाईप सोडण्याआधी रंगाने खुणा करा. सिलिंडरचे दोन पाईप उलटे लागले तर ट्रॅक्टर उलटा वळतो.

वायसर जुनं परत लावू नये. गळती थांबावी म्हणून पाना जोरात ओढला तर आटे जातात आणि शंभराचं काम हजारात जातं.

होज पाईपला ट्यूबची पट्टी, एम-सील किंवा क्लिप लावून दाब थांबत नाही. जुना पाईप नमुन्याला घेऊन हायड्रोलिक होजच्या दुकानातून त्याच लांबीचा, तेवढ्याच दाबाचा पाईप प्रेस करून आणा. बसवताना पूर्ण वळणावर तो ताणला जात नाही आणि कुठं घासत नाही हे बघा.

सील किट टाकण्याआधी रॉडवरून नख फिरवा. नख अडकत असेल, गंजाचे खड्डे असतील किंवा रॉड वाकला असेल, तर नवं सीलही थोड्याच दिवसांत जाईल. आधी रॉडचं काम करा. सीलची ओठाची बाजू ऑइलकडे आणि धूळ अडवणाऱ्या सीलची बाहेर असते. सीलला ऑइल लावून हाताने बसवा, स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नका.

ऑर्बिट्रॉल मात्र शेतात उघडू नये. आतले गिअर आणि शाफ्ट खुणेवर जुळवावे लागतात. ते चुकलं तर इंजिन सुरू करताच स्टिअरिंग आपोआप फिरू शकतं.

हवा काढायला विसरू नका

काम झाल्यावर ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलंच ऑइल भरा. जळकं इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, ब्रेक ऑइलने सील फुगतात. मागच्या चाकांना ओट लावा, पुढचा एक्सल जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळे द्या. इंजिन स्लोवर ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना सावकाश फिरवा. फेस थांबेपर्यंत हे करा आणि मधूनमधून टाकी भरत राहा. ऑइल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, ते बदलावंच लागेल.

रस्त्यात पाईप फुटला तर

ट्रॉली असताना रस्त्यावर दोन्ही ब्रेक पॅडल खिळीने जोडलेले असले पाहिजेत. स्टिअरिंग सैल लागल्याबरोबर रेस कमी करा, दोन्ही ब्रेक एकदम न मारता दाबत आणा आणि ट्रॅक्टर थांबवा. ‘कारखान्यापर्यंत जाऊ, मग बघू’ असं म्हणून पुढं निघू नये. मागे निशाणी लावा आणि मिस्त्रीला जागेवर बोलवा.

ट्रॉली जोडण्याआधी रोज टाकीची पातळी, रॉडजवळचा ओलावा आणि पाईपाची घासलेली जागा एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. पातळी दोन दिवस लागोपाठ कमी दिसली तर ऑइल ओतून भागवू नका, त्याच दिवशी जागा शोधा.