डिस्पोजलच्या मालमोटारी आणि आपली माणसे

जुन्नरच्या व्यापाराचा विषय निघाला की लेखकमंडळी नाणेघाटापासून आरंभ करतात. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांचा माल ह्या घाटाने वर येत असे आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही पाहावयास मिळतो, हे सर्व खरेच आहे. परंतु आपल्या ज्ञातीतील ज्या घरांनी वाहतुकीच्या धंद्यावर मुलांची शिक्षणे केली, विहिरी बांधल्या, त्यांची कथा नाणेघाटात सुरू होत नाही. ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लिलावांत सुरू होते. स्मरणिकेच्या निमित्ताने तिचा थोडासा भाग आम्ही येथे मांडीत आहोत.

तसे पाहिले तर आंबेगाव तालुक्यास मालमोटारीची पहिली मोठी आठवण आहे ती दुःखाचीच. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड भरलेल्या लॉरीखाली हुतात्मा झाले. पुढे युद्धकाळात पेट्रोलवर नियंत्रण आले, कित्येक गाड्या कोळशाच्या वायूवर चालविल्या जाऊ लागल्या आणि नवी गाडी मिळणे दुरापास्त झाले. १९४५ साली युद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानात लष्करी वाहनांचे प्रचंड साठे पडून होते. अमेरिकन सैन्याचा येथील शिल्लक माल १९४६ च्या करारान्वये सरकारकडे आला. त्याच्या विल्हेवाटीसाठी सरकारी खाते होते, त्यावरून 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द रूढ झाला.

ह्या गाड्यांत कॅनडात बनलेल्या फोर्ड आणि शेव्हरोलेट पुष्कळ होत्या. एकट्या कॅनडाने त्या युद्धात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बांधली. चपट्या नाकाच्या ह्या गाडीत इंजिन जवळजवळ ड्रायव्हरच्या मांडीशी असे आणि उन्हाळ्यात आत बसणे ही शिक्षाच होती. पण सांगाडा मजबूत आणि पाटे दणकट. ओतूर-आळेफाट्याचा कांदा, सातगाव पठाराचा बटाटा आणि पश्चिमेकडील डोंगरांतला हिरडा पुण्या-मुंबईस नेण्यास तशीच गाडी हवी होती. त्यातच १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. प्रवासी वाहतूक सरकारच्या हाती जाऊ लागताच खासगी मोटारमालकही मालवाहतुकीकडे वळले.

आमच्या आजोबांनी व त्यांच्या धाकट्या बंधूंनी १९४९ साली अशी एक शेव्हरोलेट एका दलालाकडून घेतली. आजीच्या पाटल्या गहाण पडल्या. गाडी घेण्याचे कारण एकच, मीटरवर ९,४०० मैल होते. पाटीवर साल १९४२. सात वर्षांत नऊ हजार मैल म्हणजे गाडी कोरीच, असा दोघांनी हिशेब केला. बेल्ह्याच्या बाजारात ओठ उचलून दात पाहिल्याशिवाय बैलाला हात न लावणारी ही माणसे, पण काचेमागच्या आकड्यावर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला.

तिसऱ्याच खेपेस, कांदा भरलेला असताना, खेडच्या घाटात उतारावर गिअर आपोआप सुटला. धाकट्या आजोबांनी गाडी डोंगराच्या अंगास घासून कशीबशी थांबविली म्हणून प्राण वाचले. कांदा तीन दिवस रस्त्यात पडून अर्धा नासला.

युद्धकाळी खडकीच्या लष्करी कारखान्यात काम केलेले एक मिस्त्री मंचरला होते. त्यांनी गिअरपेटीचे झाकण उघडून आजोबांस आत पाहावयास सांगितले. दात्यांची टोके उंदराने कुरतडावी तशी झिजली होती. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, ह्यावर नवशिके ड्रायव्हर शिकलेले दिसतात. मीटर खोटे नसेल, पण ते मैल मोजते. गाडीचे हाल मोजीत नाही."

ह्या वाक्याने आमच्या घराची दृष्टी पालटली. त्या गिअरपेट्यांत दोन वेळा क्लच दाबून अचूक वेगावर गिअर टाकावा लागे; शिकाऊ हाताखाली नऊ हजार मैल म्हणजे दात्यांचा चुराच. छावणीत उभ्याउभ्या तासन् तास चालणाऱ्या इंजिनाचा एकही मैल मीटरवर उमटत नाही. मीटरची तार सुटली किंवा सोडली तर आकडा तेथेच थांबतो. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते, आणि दुरुस्तीत जुन्या गाडीस नवे मीटरही बसते. सारीच फसवणूक असते असे नाही. पण विकत घेणाऱ्याचे नुकसान दोन्हीकडून सारखेच.

त्यानंतर मिस्त्रींची पद्धत आमच्या घरात पाठच झाली. प्रथम पायडलचे रबर पाहावे. थोडे मैल आणि घासून गुळगुळीत झालेले लोखंड ही दोन एकत्र नांदत नाहीत. मग पाट्यांच्या पिना आणि स्टिअरिंगची ढिलाई. मीटरचे आकडे एका रेषेत आहेत काय, त्याच्या स्क्रूंवर पान्याचे ओरखडे आहेत काय? इंजिन थंड असताना हँडल हळू फिरवावे. सहा सिलिंडरांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत सहा वेळा हातास सारखा दाब लागला पाहिजे. एखादा पोकळ गेला तर तेथे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले समजावे. निळा धूर म्हणजे मोबिल जळते. मागच्या पेटीतले तेल ताकासारखे पांढरट असेल तर गाडी कधीतरी नदीनाल्यात बुडाली आहे. सर्वांत फसवी गाडी ती, जी खरोखरच चाललेली नाही, पण चार पावसाळे उघड्यावर उभी आहे. तिचे टायर कडेने तडकलेले, ब्रेकचे रबर चिकटलेले, आणि मीटर मात्र निर्दोष. आम्हांस विचाराल तर अशा गाडीपेक्षा रोज राबलेली गाडी बरी.

१९५१ साली घरात दुसरी शेव्हरोलेट आली. तिच्या मीटरवर ४१,००० मैल होते आणि भावकीने आजोबांस वेड्यात काढले. परंतु पायडल, पिना, दाते सर्व त्या आकड्याशी जुळत होते. पेट्रोल परवडेना तेव्हा तिच्यात मद्रासला बनू लागलेले पर्किन्सचे डिझेल इंजिन बसविले. १९६७ पर्यंत ती चालली. पहिल्या गाडीची अखेर तिच्या सुट्या भागांतच झाली.

पुढे जबलपूरच्या शक्तिमान आणि जोंगा लिलावांत येऊ लागल्या. १९५९ पासून बनलेल्या शक्तिमानच्या चाकांखालीही आपल्या काही घरांचे दिवस पालटले. आता लिलाव संगणकावर होतात, तरी माल प्रत्यक्ष पाहून घेण्याची मुभा असते; ती ज्याने वापरली नाही त्याने तक्रार करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या अमेरिकन किंवा कॅनेडियन गाडीच्या हौशी तरुणांस एक सूचना: ते आकडे मैलांचे आहेत. ३०,००० म्हणजे सुमारे ४८,००० किलोमीटर.

आजीच्या पाटल्या १९५६ साली सुटल्या. त्यांतील एक अजून आमच्या घरी आहे. दुसरी पुढे टायरांच्या जोडीस गेली.