कोणाच्या वाट्याला कोणता चेहरा?

एखाद्या ऐतिहासिक चित्रपटाची नुसती घोषणा झाली, की आपल्याकडे एक खेळ ताबडतोब सुरू होतो. महाराज कोणी करावेत, येसूबाई कोणाला शोभेल, औरंगजेबाला कोण न्याय देईल! कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे कशेळे गाव आहे. तिथल्या चहाच्या टपरीवर हा खेळ मी कितीतरी वेळा ऐकला आहे. २०२२ साली 'वेडात मराठे वीर दौडले सात' या चित्रपटासाठी अक्षय कुमार यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा तर दोन दिवस टपरीवर दुसरा विषयच नव्हता. ज्यांना सात वीरांपैकी प्रतापराव गुजरांखेरीज एकही नाव सांगता येत नव्हते, तेही पात्रनिवडीवर ठाम मत देत होते.

हा खेळ केवळ आपलाच आहे असे नाही. इंग्रजीत टोल्किन यांनी आपल्या काल्पनिक जगातल्या राजघराण्यांच्या वंशावळी कादंबरीच्या परिशिष्टात छापल्या. जॉर्ज मार्टिन यांनी १९९६ पासून लिहिलेल्या कादंबऱ्यांतही प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी सरदार घराण्यांची यादी असते. कोण कोणाचा मावसभाऊ, कोणाची सोयरीक कुठे झाली, कोण फितूर झाले, हे सारे तिथे वाचायला मिळते. वाचक ते पाठ करतात आणि कोणत्या नटाने कोणता सरदार करावा यावर तासन् तास वाद घालतात. त्या जगाची एक सोय मात्र आहे. तिथल्या फितूर सरदाराचा पणतू सकाळी दूध आणायला बाहेर पडत नाही. आपल्याकडे तो पडतो. त्याचे आडनाव शिधापत्रिकेवर असते, शाळेच्या हजेरीपटावर असते.

योगायोग असा, की या खेळाची दोन्ही टोके आमच्या कर्जत-खालापुरातच सापडतात. खालापूर तालुक्यातले चौक हे सरनोबत नेताजी पालकरांचे गाव मानले जाते. त्याच चौकजवळ २००५ साली कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी आपला स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'चे महाल तिथे उभे राहिले. २००८ साली सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती' या मालिकेचे चित्रीकरणही तिथेच झाले. अमोल कोल्हे महाराज आणि मृणाल कुलकर्णी जिजाऊ म्हणून घराघरांत पोहोचले ते या मालिकेतून. ऑगस्ट २०२३ मध्ये देसाई गेले. परंतु प्लायवूड आणि प्लॅस्टरचे ते बुरूज पाहताना मला नेहमी वाटे, की खऱ्या सरनोबताच्या गावाशेजारी खोटा दरबार उभा राहावा, याहून बोलके चित्र दुसरे कोणते असणार?

आता घराण्यांच्या इतिहासाकडे वळू. सरदार-देशमुखांच्या घरांत पूर्वी जे कागद जपून ठेवत, त्यांचे प्रकार अनेक. वंशावळ म्हणजे पिढ्यांची नावे. शकावली म्हणजे शकवार घटनांची टिपणे. करीना किंवा कैफियत म्हणजे घराण्याची हकिगत. आणि महजर म्हणजे वतनाच्या वादात गोतसभेने दिलेला निवाडा. हे कागद हौसेने लिहिलेले नव्हेत. देशमुखी कोणाची, पाटीलकीचा वडीलपणा कोणाकडे, हा तंटा उभा राहिला की हेच कागद पुरावा म्हणून पुढे करायचे. म्हणजे घराण्याचा इतिहास हा बहुधा एखाद्या दाव्यासाठी लिहिला जाई. तो वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

तरीही या कागदांचे मोल मोठे आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती प्रसिद्ध झाली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यातूनच पुढे आली. एका घराण्याच्या टिपणवहीने साऱ्या महाराष्ट्राला शिवजयंतीची तारीख मिळवून दिली! याच जेध्यांच्या करीन्यात १६५९ सालची हकिगत आहे. अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांकडे राहिले आणि शेजारचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. पुढे खोपड्यांना एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा झाली. ही हकिगत आपल्याला कळते ती जेध्यांच्या कागदांतून. खोपड्यांच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हे सांगणारा तसाच कागद आपल्यापुढे नाही. त्यामुळे नाटक-सिनेमातल्या खोपड्यांना एकच चेहरा मिळतो, वाकड्या भुवयांचा.

एखाद्या घराण्याच्या लेखणीने कोणाला कोणती भूमिका मिळावी, याचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द संभाजी महाराजांचे आहे. १६८१ साली महाराजांनी बाळाजी आवजी चिटणीस यांना देहदंड दिला. त्याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणीस यांनी १८१० च्या सुमारास बखर लिहिली. मधे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली होती, पण घरातली जखम बुजलेली नव्हती. त्या बखरीतून दिसणारा संभाजी व्यसनी आणि बेबंद आहे. पुढची दीडशे वर्षे नाटककार आणि कादंबरीकार बहुतांशी त्याच चित्रावर रंग चढवत राहिले.

मग वा. सी. बेंद्रे यांनी सुमारे चाळीस वर्षे देशी-विदेशी कागदपत्रे तपासली आणि १९६० साली त्यांचा 'छत्रपती संभाजी महाराज' हा ग्रंथ आला. कमल गोखले यांनीही साधनांच्या आधारे वेगळे चित्र मांडले. १९६२ साली रंगभूमीवर वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' आले आणि काशिनाथ घाणेकरांच्या रूपाने बापावर रुसलेला, पण मनाने मोठा संभाजी लोकांनी पाहिला. १९७९ साली शिवाजी सावंतांची 'छावा' आली. २०१७ साली मालिका आली, २०२५ साली चित्रपट आला. माझ्या आजोबांच्या पिढीचा संभाजी आणि माझ्या नातवाचा संभाजी ही जणू दोन वेगळी माणसे आहेत. माणूस तोच, कागद बदलले आणि चेहरा बदलला.

पण गंमत अशी, की एका माणसावरचा डाग पुसताना आपण तो दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. 'छावा' चित्रपट आला आणि गणोजी शिर्के हे नाव घरोघर पोहोचले, फितूर म्हणून. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. वर्तमानपत्रांत ही बातमी दोन-चार दिवस होती. आमच्याकडे ती जास्त दिवस राहिली. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ भेटायला आले. चहा घेता घेता म्हणाले, "गुरुजी, पोरीला वर्गात गद्दार म्हणून चिडवतात. घरी येऊन विचारते, बाबा, आपण खरंच तसे होतो का? मी काय सांगू तिला? आमचा त्या सरदारांशी काही संबंध आहे की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नाही."

मी त्यांना जे सांगितले, ते इथेही सांगतो. गणोजी शिर्के हे येसूबाईंचे बंधू आणि शिवाजी महाराजांचे जावई. शिर्क्यांचा आणि छत्रपतींचा तंटा होता, तो प्रामुख्याने दाभोळच्या वतनाचा. १६८८ च्या अखेरीस शिर्के आणि कवी कलश यांच्यात लढाई झाली आणि संभाजी महाराजांनी शिर्क्यांचा मोड केला, अशी नोंद जेधे शकावलीत आहे. लवकरच, १६८९ च्या फेब्रुवारीत, संगमेश्वरी महाराज पकडले गेले. त्यात गणोजींचा हात किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पुढची गोष्ट मात्र पडद्यावर सहसा येत नाही. जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराज निसटले, तेव्हा मोगलांच्या छावणीत असलेल्या गणोजींनी त्यांना मदत केली, असे चिटणीसांच्या परंपरेत सांगितले आहे. त्या मदतीसाठी खंडो बल्लाळ चिटणीसांनी आपले दाभोळचे वतन शिर्क्यांना सोडून दिले. मदत करतानाही मधे वतन होतेच. म्हणजे गणोजी हा ना राक्षस, ना देव. वतनासाठी जगणारा त्या काळचा एक सरदार. आणि साडेतीनशे वर्षांनंतर त्याच्या कृत्याचा जाब एका शाळकरी मुलीला विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नेताजी पालकरांचेच पाहा. १९२७ साली त्यांच्यावर मूकपट निघाला, तोच व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाचा आरंभ. पडद्यावर आपल्याला आवडतो तो घोड्यावरचा तरणाबांड सरनोबत, लोकांनी 'प्रतिशिवाजी' म्हणून गौरविलेला. पण याच नेताजींना १६६६ साली पन्हाळ्याच्या मोहिमेत वेळेवर न पोहोचल्याबद्दल पदावरून दूर व्हावे लागले. ते विजापूरकरांकडे गेले, मग मोगलांकडे. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने त्यांना कैद केले, धर्मांतर करायला लावले आणि मुहम्मद कुलीखान या नावाने दूर काबूलकडे धाडले. जवळजवळ दहा वर्षांनी, १६७६ साली, ते परत आले आणि महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले. आता सांगा, टपरीवरच्या आपल्या खेळात यांपैकी कोणत्या नेताजींसाठी आपण नट शोधतो? रागावून गेलेल्या, काबूलच्या थंडीत आपले नाव हरवून बसलेल्या नेताजींसाठी कोणी नाव सुचवल्याचे मी अजून ऐकलेले नाही. पण महाराजांनी दार उघडले ते याच माणसासाठी.

आणखी एक व्यक्ती आमच्याच भागातून गेली. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने धाडलेला कारतलबखान घाट उतरून या दाट रानात शिरला आणि मराठ्यांनी त्याला पुढून-मागून कोंडले. त्याच्या सैन्यात जाधव, कोकाटे अशी आपलीच आडनावे होती. आणि होती माहूरच्या उदाराम घराण्यातली सावित्रीबाई. तिला बादशहाने रायबागन, म्हणजे राजव्याघ्री, असा किताब दिला होता. या लढाईचे वर्णन कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात आहे. तिथे ही बाई खानाला स्पष्ट शब्दांत सुनावते, की या वनात शिरलास ही चूक झाली, आता शिवाजीराजांना शरण जा आणि सैन्य वाचव. खानाने ऐकले, खंडणी भरली आणि सुटला.

परमानंद हा महाराजांचा आश्रित कवी. शत्रूकडची बाई मूर्ख किंवा दुष्ट रंगवायला त्याला कोणाची हरकत असणार होती? पण त्याने तिला शहाणपणाचे भाषण दिले. २०१९ च्या 'फत्तेशिकस्त'मध्ये रायबागन पडद्यावर दिसली, याचा मला म्हणूनच आनंद झाला.

आमच्या कशेळ्याच्या बाजूला कोथळीगड आहे, आम्ही त्याला पेठचा किल्ला म्हणतो. १६८४ च्या नोव्हेंबरात मोगलांच्या अब्दुल कादिरने तो घेतला. तो परत मिळवण्याच्या धडपडीत पुढच्या वर्षी नारोजी त्रिंबक कामी आले. रविवारी शेकडो तरुण मुले-मुली किल्ला चढतात, वरून फोटो काढतात. नारोजींचे नाव त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्यावर चित्रपट नाही, मालिका नाही, आणि त्यांची भूमिका कोणी करावी यावर वादही नाही.

पात्रनिवडीचा खेळ खेळू नये, असे मी म्हणणार नाही. तो खेळताना इतिहासाची गोडी लागते, आणि माझ्यासारख्याला त्याहून अधिक काय हवे? फक्त दोन गोष्टी कराव्यात. एखाद्या सरदाराला खलनायक ठरवण्यापूर्वी ती गोष्ट कोणाच्या घरातल्या कागदात लिहिली आहे, एवढे विचारावे. आणि आपल्या स्वतःच्या घराचा कागद करावा. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलात, तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांचे नाव सापडते का ते पाहा. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी अजून कुळांच्या पिढ्या सांगतात, त्यांना घरात बसवून ऐका. घरात म्हातारे माणूस असेल तर आजच वही घ्या. सरदार निघाले नाहीत तरी बिघडत नाही. आमच्याकडे बहुतेकांच्या वंशावळीत भात लावणारे, गुरे राखणारे आणि लाकडे वाहणारेच निघतात.

त्या गृहस्थांच्या मुलीला मी एक कोरी वही दिली आहे. पहिल्या पानावर तिने आपले नाव लिहिले, खाली वडिलांचे, त्याखाली आजोबांचे. चौथ्या नावापाशी गाडी अडली आहे. येत्या मे महिन्यात ती आपल्या मूळ गावी जाऊन आत्याला विचारणार आहे.