वळूचे उपद्रवी वर्तन

वळूचे उपद्रवी वर्तन म्हणजे प्रजननासाठी पाळलेल्या, खच्चीकरण न केलेल्या नराने कुंपण, फाटक, गव्हाण किंवा झाडे यांना ढुशा देऊन अथवा शिंगांनी उकरून केलेली नासधूस होय. लहान शेतावर एकट्याच बांधून ठेवलेल्या वळूत ते विशेष आढळते.

कारणे

गोवंशीय प्राणी कळपाने राहतात. मोकळे जनावर दिवसाचा मोठा भाग चरण्यात व रवंथ करण्यात घालवते. खुराक लवकर संपला आणि सोबत नसली, तर वळू रिकामा राहतो व वस्तूंशी झुंजू लागतो. गोचीड, खरूज किंवा माश्यांमुळेही जनावर अंग घासते. जवळपास गाय माजावर आल्यास वळू कुंपण तोडू पाहतो. म्हणून कंटाळा हेच कारण ठरवण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी आवश्यक असते.

उपाय

* सोबतीला गाभण गाय किंवा बैल ठेवणे.
* कडबा व वाळलेले गवत दिवसातून अनेक वेळा विभागून देणे. क्षारांसाठी चाटण वीट टांगणे.
* अंग घासण्यासाठी खोल रोवलेला जाड खांब आणि ढुशा देण्यासाठी टांगलेला लाकडी ओंडका पुरवणे.
* बंदिस्त आवारात फिरण्यास जागा व सावली देणे.
* कुंपणासाठी प्रमाणित झटका यंत्र वापरणे. तारेत थेट घरगुती वीज सोडणे माणसांसाठी व जनावरांसाठी प्राणघातक ठरते.

मारहाणीने कारण दूर होत नाही. उलट वळू माणसाला बुजतो किंवा त्याच्यावर चालून येतो.

सुरक्षितता

वासराच्या कपाळाला हात लावून ढकलाढकलीचा खेळ खेळू नये; मोठेपणी तीच सवय जीवघेणी ठरते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेरफर्ड वळूंवरील अभ्यासात, माणसाने एकटे वाढवलेले वळू गटात वाढलेल्या वळूंपेक्षा माणसांप्रति अधिक आक्रमक आढळले. आडवे उभे राहून अंगाची बाजू दाखवणे, मान खाली घालणे व खुराने माती उकरणे या धमकीच्या खुणा होत. अशा वेळी पाठ न फिरवता, वळूवर नजर ठेवून हळूहळू मागे सरकावे. माणसाळलेल्या वळूच्या आवारातही एकट्याने जाऊ नये.

पर्याय

मोजक्याच गाई असल्यास कृत्रिम रेतनामुळे वळू पाळण्याची गरज उरत नाही. पशुवैद्यकाकडून खच्चीकरण केल्यास आक्रमकता कमी होऊ शकते. मात्र प्रौढ वळूच्या जडलेल्या सवयी लगेच जात नाहीत. महाराष्ट्रात २०१५ पासून वळू व बैलांच्या कत्तलीस कायद्याने बंदी असल्याने, वळू पाळण्यापूर्वीच त्याच्या आयुष्यभराच्या सांभाळाचा विचार करणे महत्त्वाचे ठरते.