राजगुरू, शिवराम हरि
राजगुरू, शिवराम हरि : (२४ ऑगस्ट १९०८–२३ मार्च १९३१). भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील एक सशस्त्र क्रांतिकारक आणि हिंदुस्थान समाजवादी प्रजासत्ताक सेनेचे प्रमुख सदस्य. त्यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील खेड (विद्यमान राजगुरुनगर) येथे हरि नारायण व पार्वतीबाई या दांपत्यापोटी झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने त्यांचे पालनपोषण थोरले बंधू दिनकर यांच्याकडे झाले. किशोरवयातच घर सोडून ते काशीस गेले व तेथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात त्यांनी व्यायामशिक्षण घेतले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेली ही संस्था वऱ्हाडातील तरुणांत शरीरसामर्थ्याबरोबर राष्ट्रीय वृत्ती रुजविणारे केंद्र होती. पुढे काशीस त्यांचा चंद्रशेखर आझाद यांच्याशी संबंध आला आणि ते गुप्त संघटनेत दाखल झाले. संघटनेत त्यांना ‘रघुनाथ’ या सांकेतिक नावाने ओळखीत.

सायमन आयोगाविरुद्ध ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरमध्ये निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी लाठीहल्ला केला. त्यात जखमी झालेले लाला लजपतराय १७ नोव्हेंबरला निधन पावले. या राष्ट्रीय अपमानाचा सूड म्हणून लाठीहल्ल्याचा आदेश देणारे पोलीस अधीक्षक स्कॉट यांचा वध करण्याचे क्रांतिकारकांनी ठरविले. १७ डिसेंबर १९२८ रोजी जयगोपाल याने चुकीची खूण केल्याने स्कॉटऐवजी सहायक अधीक्षक साँडर्स मारले गेले. पहिली गोळी राजगुरूंनी झाडली. पाठोपाठ भगतसिंगांनीही गोळ्या झाडल्या. पाठलाग करणारा हवालदार चननसिंग आझादांच्या गोळीस बळी पडला. नंतर भगतसिंग व दुर्गादेवी व्होरा यांनी दांपत्य म्हणून आगगाडीने लाहोर सोडले, तेव्हा राजगुरू नोकराच्या वेषात त्यांच्यासमवेत होते. त्यानंतर ते भूमिगत राहिले. ३० सप्टेंबर १९२९ रोजी त्यांना पुण्यात अटक झाली.

लाहोर कट खटल्यासाठी सरकारने मे १९३० मध्ये वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायमंडळ नेमले. आरोपींच्या अनुपस्थितीतही खटला चालविण्याची मुभा त्यास होती आणि त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करता येत नव्हते. जयगोपाल, हंसराज व्होरा, फणींद्रनाथ घोष आदी पूर्वीचे सहकारी माफीचे साक्षीदार झाले. ७ ऑक्टोबर १९३० रोजी भगतसिंग, सुखदेव व राजगुरू यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतरही शिक्षेत बदल झाला नाही. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या सायंकाळीच, २३ मार्च रोजी, तिघांना लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात फाशी देण्यात आले. लोकक्षोभाच्या भीतीने त्यांचे मृतदेह सतलजकाठी गुप्तपणे दहन करण्यात आले. त्याच आठवड्यात भरलेल्या काँग्रेसच्या कराची अधिवेशनाने राजकीय हिंसेशी असहमती नोंदवून तिघांच्या शौर्याचा व त्यागाचा गौरव केला.

राजगुरूंचे नाव बहुधा तिघांच्या नावांत अखेरीस उच्चारले जाते. भगतसिंगांप्रमाणे त्यांचे विपुल लेखन मागे राहिले नाही. त्यामुळे त्यांची वैचारिक जडणघडण तुलनेने अज्ञात राहिली. तथापि काशीची पाठशाळा, अमरावतीचा आखाडा व उत्तर भारतातील गुप्त संघटना यांना जोडणारा त्यांचा अल्पायुषी जीवनक्रम महाराष्ट्र आणि पंजाब येथील क्रांतिकार्याचे परस्परसंबंध स्पष्ट करतो. हुसैनीवाला (पंजाब) येथे तिघांचे स्मारक असून त्यांच्या जन्मगावास राजगुरुनगर हे नाव देण्यात आले आहे.