जे-लीगचा समर्थक

जे-लीगचा समर्थक : जपानच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या एखाद्या क्लबाशी स्वतःला वर्षानुवर्षे बांधून घेतलेला प्रेक्षक. जपानीत त्याला ‘सापोता’ म्हणतात. ‘सपोर्टर’ या इंग्रजी शब्दाचे हे जपानी रूप लीगच्या जन्माबरोबर, १९९३ च्या सुमारास, घरोघरी पोचले. खेळ आवडणारा तो प्रेक्षक. संघ हरला तरी पुढच्या आठवड्यात त्याच कठड्यामागे येऊन उभा राहणारा तो सापोता. मराठीत ‘चाहता’ हा शब्द नटनट्यांसाठी फार वापरून झाला असल्याने या नोंदीत ‘समर्थक’ म्हटले आहे. राजकारणाचा थोडा वास येतो, पण अर्थाला तोच जवळचा आहे.

हा समर्थक कशाचा? तर आधी गावाचा, मग क्लबाचा. जपानी बेसबॉलमध्ये संघांची नावे कंपन्यांची असतात : योमिउरी जायंट्स, हानशिन टायगर्स. फुटबॉलही तसेच होते. १९६५ साली सुरू झालेल्या जपान सॉकर लीगमध्ये मित्सुबिशी, फुरुकावा इलेक्ट्रिक, निस्सान, माझदा अशा कारखान्यांचे आणि कचेऱ्यांचे संघ खेळत. खेळाडू पगारी नोकर, प्रेक्षक तुरळक. जे-लीगने कंपनीचे नावच पुसले. क्लबाने नगराचे नाव घ्यायचे, तिथे स्टेडियम मिळवायचे, तिथल्या मुलांना शिकवायचे. मालक कंपनी मागे राहील, पैसे देईल, छातीवर जाहिरात लावील, पण संघाच्या नावात तिला जागा नाही. लीगचे पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची स्वतः फुरुकावा इलेक्ट्रिकचे खेळाडू होते आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध त्यांनी गोल केला होता. म्हणजे कंपनीचे नाव काढायला कंपनीचाच माणूस पुढे आला. योमिउरी वृत्तपत्रसमूह आपल्या वेर्दी संघाला आपलेच नाव लावण्यासाठी भांडला. लीग बधली नाही.

मुंबईच्या वाचकाला यात ओळखीचे बरेच दिसेल. कूपरेजच्या मैदानावर गाजलेले संघ कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचेच : एअर इंडिया, ओएनजीसी, ऑर्के मिल्स, महिंद्र. त्यांतला महिंद्र युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून चार वर्षांनी, २०१० साली, बंद झाला. बंद करण्याचा निर्णय कंपनीचा होता, तो तिला घेता आला. संघ गावाचा असता तर तो इतक्या सहज आवरता आला असता का, हा प्रश्न जपानने १९९३ मध्ये विचारला आणि पाच वर्षांतच त्याचे उत्तर त्याला द्यावे लागले. ते पुढे येईल.

गावाच्या बाजूने सगळ्यात बोलका पुरावा कशिमाचा. इबाराकी प्रांतातले हे समुद्रकाठचे गाव. सुमितोमो मेटलचा पोलादाचा कारखाना, एक प्राचीन देवस्थान आणि तेव्हा जेमतेम ४५ हजार वस्ती. मुरबाडसारख्या तालुक्यातही त्याहून कितीतरी जास्त माणसे राहतात. कारखान्याचा संघ दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्यांनी लीगकडे अर्ज केला तेव्हा कावाबुचींनी जवळजवळ अशक्य असे सांगून वर एक अट घातली : १५ हजार बसतील असे छप्परवाले, फक्त फुटबॉलचे स्टेडियम बांधा, मग बघू. अट टाळण्यासाठी घातली होती. प्रांताने आणि गावाने स्टेडियम बांधले. १९९१ मध्ये ब्राझीलचा झिको तिथे आला, तोही त्या दुसऱ्या श्रेणीत. १६ मे १९९३ ला पहिल्याच सामन्यात चाळिशीतल्या झिकोने तीन गोल केले आणि गॅरी लिनेकरचा नागोया संघ ५-० असा पडला. २०१६ पर्यंत कशिमा अँटलर्सने लीग आठ वेळा जिंकली. त्याच वर्षी क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला जादा वेळेपर्यंत झुंजवले. ‘अँटलर्स’ म्हणजे हरणाची शिंगे. कशिमाच्या देवस्थानात हरीण देवाचे दूत मानले जाते. कोणा जाहिरात कंपनीला नाव सुचण्याआधीच ते हरीण गावात पाळले जात होते.

नावांचा हा छंद इतरत्रही आहे. हिरोशिमाचा ‘सानफ्रेचे’ म्हणजे जपानी ‘सान’ (तीन) आणि इटालियन ‘फ्रेचे’ (बाण). एक बाण मोडतो, तीन एकत्र मोडत नाहीत, ही मोरी मोतोनारी या सरदाराची गोष्ट. आपल्याकडच्या काठ्यांच्या मोळीच्या गोष्टीची सख्खी बहीण.

पहिल्या दोन वर्षांत लीगला तुडुंब गर्दी झाली. १५ मे १९९३ ला टोकियोत वेर्दी आणि योकोहामा मारिनोस यांचा उद्‌घाटनाचा सामना ५९,६२६ लोकांनी पाहिला. मग नवलाई ओसरली. १९९४ मध्ये सामन्यागणिक सरासरी सुमारे १९,६०० प्रेक्षक होते, ते १९९७ मध्ये १०,१०० च्या आसपास आले. जपानचा आर्थिक फुगा त्याआधीच फुटला होता. कंपन्या खर्च कापू लागल्या.

त्यात बळी गेला योकोहामा फ्ल्यूगेल्सचा. २९ ऑक्टोबर १९९८ ला जाहीर झाले की हा क्लब त्याच शहरातल्या मारिनोसमध्ये विलीन होणार. मालकांपैकी सातो कोग्यो ही बांधकाम कंपनी बाहेर पडली होती, उरलेल्या ऑल निप्पॉन एअरवेजला भार पेलवत नव्हता. समर्थकांना आधी कोणी विचारले नाही. त्यांनी सह्या गोळा केल्या, पैसे गोळा केले, निदर्शने केली. निर्णय फिरला नाही. घोषणेनंतर फ्ल्यूगेल्स एकही सामना हरला नाही. १ जानेवारी १९९९ ला सम्राट चषकाच्या अंतिम सामन्यात शिमिझु एस-पल्सला २-१ असे हरवून चषक उचलला आणि तिथेच संघ संपला. मारिनोसच्या नावात तेव्हापासून ‘एफ’ हे अक्षर आहे. समर्थकांना ते पुरले नाही. त्यांनी वर्गणी काढून योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब उभा केला. तो २००१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत आणि २००७ मध्ये पहिल्या श्रेणीत पोचला. काझुयोशी मिउरा याने वयाच्या पन्नाशीनंतर, १२ मार्च २०१७ ला, गोल केला तो याच क्लबासाठी. जे-लीगचा समर्थक म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगायला लावले तर लेखक फ्ल्यूगेल्सकडे बोट दाखवील.

समर्थकाची जागा गोलमागे. जपानीत तिला ‘गोरु-उरा’ म्हणतात. तिथे नव्वद मिनिटे उभे राहायचे, ढोल आणि पुकारा करणारा म्होरक्या सांगेल तसे गायचे. गाण्यांच्या चाली पुष्कळदा दक्षिण अमेरिकेतून आणि युरोपातून आलेल्या, शब्द गावचे. अनेक क्लबांनी बारा क्रमांकाची जर्सी कोणत्याच खेळाडूला दिलेली नाही. अकरांनंतरचा बारावा तो समर्थक. स्टेडियममधले खाणे हा स्वतंत्र विषय आहे. कशिमाला गेलेला परगावचा समर्थकही ‘मोत्सुनी’, म्हणजे आतड्यांचा रस्सा, खाल्ल्याशिवाय परतत नाही. सामना संपला की आपापला कचरा आपण उचलायचा ही शाळेपासूनची सवय. १९९८ च्या फ्रान्स विश्वचषकात जपानी प्रेक्षकांनी ती पाळली तेव्हा जगाला नवल वाटले. त्यांना स्वतःला त्यात काही विशेष दिसत नव्हते, आणि खरे तर सतत होणाऱ्या कौतुकाने एव्हाना त्याचे ओझे झाले असेल.

क्लब कुठून उगवतो याचेही नमुने मजेदार आहेत. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो स्थानकासमोर ‘यामागा’ नावाचे कॅफे होते. तिथे बसणाऱ्या खेळाडूंनी १९६५ मध्ये संघ काढला आणि कॅफेचेच नाव दिले. मात्सुमोतो यामागा २०१५ मध्ये पहिल्या श्रेणीत खेळला. मूळ कॅफे कधीच बंद पडले होते, म्हणून क्लबाने त्याच नावाचे दुसरे उघडले.

मराठी मुलखात याला जोड एकच, कोल्हापूर. तिथले संघ तालमींतून निघाले : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेली पोरे फुटबॉल खेळू लागली आणि पेठेचा संघ झाला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा सामना लागला की दुपारी शहरात त्याशिवाय दुसरी बातमी नसते. तिथे मालक कंपनीच नव्हती, त्यामुळे नाव पुसण्याचा प्रश्नही आला नाही. जपानने नियम लिहून जे घडवले ते कोल्हापुरात आपसूक घडले होते. उलट कोल्हापूरला जे जमले नाही ते म्हणजे पुढची पायरी : पेठेच्या संघातून वर चढायची शिडी. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर गेला, पेठेच्या लीगमधून नव्हे.

काळी बाजूही दोन्हीकडे सारखी. कोल्हापुरात समर्थकांच्या हाणामारीने सामने थांबले आहेत. जपानमध्ये उरावा रेड्स हा सर्वांत जास्त आणि सर्वांत तापट समर्थकांचा क्लब. ८ मार्च २०१४ ला त्यांच्या गोलमागे जाण्याच्या दारावर ‘फक्त जपानी’ अशा अर्थाचा इंग्रजी फलक लागला आणि सामना संपेपर्यंत काढला गेला नाही. लीगने पुढचा घरचा सामना प्रेक्षकांविना खेळवला. जे-लीगच्या इतिहासात अशी ती पहिलीच शिक्षा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नागोयात त्यांच्या समर्थकांनी मैदानात उतरून धुडगूस घातला आणि क्लबाला पुढच्या वर्षीच्या सम्राट चषकातून बाहेर काढले गेले. शिस्तप्रिय जपानी प्रेक्षकाचे गोडवे गाणाऱ्याने या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात.

दूरचा समर्थक ही या व्यवस्थेतली अडचणीची व्यक्ती. गावाशी नाते हेच ज्याचे मूळ, त्या क्लबाचा समर्थक आसनगावला किंवा मुरबाडच्या एसटी स्थानकामागे राहून कसे व्हायचे? शहापूर-मुरबाडचे आपले खेळ कबड्डी आणि टेनिस चेंडूचे क्रिकेट. तिथेही संघ गावाचा नाहीतर ग्रामदैवताचा, त्यामुळे कशिमाचे हरीण समजावून सांगायला वेळ लागत नाही. तरुणांपर्यंत जपानी फुटबॉल पोचते ते बहुधा चित्रकथांतून. योइची ताकाहाशी यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ १९८१ पासूनची, ‘ब्लू लॉक’ २०१८ पासूनची. घड्याळ मात्र सोयीचे आहे. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणून तिथला दुपारी दोनचा सामना इथे सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी सातचा दुपारी साडेतीनला. युरोपच्या सामन्यांसाठी रात्र जाळावी लागते. हा सामना बघून संध्याकाळची शेताची फेरी होते. शनिवारी कसारा लोकलने कामाला जाणाऱ्याची तेवढी पंचाईत.

जपानी फुटबॉल महाराष्ट्रात प्रत्यक्षही येऊन गेले आहे. जपानमध्ये जन्मलेला, गुजराती वडिलांचा मुलगा अराता इझुमी महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसीकडून खेळला आणि २०१२ मध्ये भारताचे नागरिकत्व घेऊन राष्ट्रीय संघात गेला. २०२२ च्या महिला आशियाई चषकात जपानचा संघ पुण्याच्या बालेवाडीत म्यानमारला ५-० आणि व्हिएतनामला ३-० असे हरवून गेला. तिथेच उपांत्य सामन्यात चीनकडून पेनल्टीवर हरला. कोविडमुळे ते सामने प्रेक्षकांविना झाले, म्हणजे कसाऱ्याहून लोकल पकडून पुण्याला निघालेल्यालाही दार बंदच होते. आणि २०१९ मध्ये मुंबई सिटी या क्लबाचा बहुसंख्य हिस्सा घेणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१४ मध्येच मारिनोसमध्ये हिस्सा घेतला होता. मुंबईच्या उपनगरापलीकडून जपानचा एखादा क्लब निवडायचा तर हा आडून आलेला धागा काहींना पुरत असे.

२०२४ पासून लीगच्या तीन श्रेणींत प्रत्येकी वीस, असे साठ क्लब आहेत. हंगाम फेब्रुवारी-मार्च ते डिसेंबर असा चाले. आशियाई स्पर्धेचे वेळापत्रक आणि जपानचा वाढता उन्हाळा पाहून डिसेंबर २०२३ मध्ये तो बदलायचे ठरले : २०२६-२७ पासून ऑगस्टमध्ये सुरुवात, मध्ये हिवाळी सुटी, शेवट पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. विरोध झाला तो मुख्यतः बर्फाच्या प्रदेशातून. निईगाताचे म्हणणे साधे होते : आमच्या मैदानावर हिवाळ्यात बर्फ असतो, सराव कुठे करायचा आणि समर्थकाने उभे कुठे राहायचे?